ढीग आणि शेड यांमधले अंतर: नागपुरातील एका जळीत खटल्याचा प्रकरण अभ्यास

आग मुद्दाम लावली गेली हे या खटल्यात सिद्ध झाले, ती कोणी लावली हेही सिद्ध झाले, आणि तरीही ज्या कलमाखाली दोषारोप निश्चित झाला होता त्या कलमाखाली शिक्षा झाली नाही. असे का घडले, कोणत्या टप्प्यावर कोणता निर्णय घेतला गेला आणि त्या निर्णयाचा परिणाम पुढे कुठे दिसला, हे नव्याने फौजदारी वकिली करणाऱ्यांना आणि अशा प्रसंगात सापडलेल्या सामान्य माणसालाही कळावे म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडत आहे. पक्षकारांची ओळख पटू नये यासाठी नावे दिलेली नाहीत आणि कायद्याच्या दृष्टीने गौण असलेले काही तपशील बदलले आहेत. मी या खटल्यात फिर्यादी बाईंच्या वतीने सरकारी वकिलांना साहाय्य करत होतो. आरोपीच्या वकिलांनी मांडलेले मुद्दे मात्र त्यांच्या पूर्ण ताकदीनिशी येथे आले पाहिजेत, कारण निकाल त्यांतल्याच एका मुद्द्यावर फिरला.

पार्श्वभूमी

पूर्व नागपुरात लाकडाच्या व्यापाराची जुनी वस्ती आहे. आरा मशीन, सागवानाच्या फळ्यांची दुकाने आणि त्यांच्या मागे फर्निचर बनवणारे छोटे कारखाने तेथे एकमेकांना खेटून उभे आहेत. अशाच एका गल्लीत दोन भावांचे वडिलोपार्जित दुमजली घर होते, घरामागे अंगण होते आणि अंगणापलीकडे लाकडी फळ्यांच्या भिंतींचे, पत्र्याच्या छताचे शेड होते. शेडमध्ये थोरल्या भावाचा फर्निचरचा कारखाना चालत असे. शेडचा एक कोपरा आणि बाहेरची पडवी त्याने एका विधवा बाईंना भाड्याने दिली होती. या बाई सोफ्याच्या गाद्या आणि खोळी शिवत असत. त्यांची दोन शिलाई यंत्रे, फोम आणि रेक्झिनचे गठ्ठे तेथेच असत.

धाकटा भाऊ पूर्वी याच शेडमध्ये काम करत असे. वडिलांच्या मृत्यूनंतर दोघांत बिनसले, धाकट्याने वाटणीचा दिवाणी दावा दाखल केला आणि तो वेगळा राहू लागला. आई थोरल्याकडे होती. दावा तारखांवर तारखा घेत रेंगाळला आणि घरातील बोलणे तुटले.

घटना

मे 2022 चा शेवटचा आठवडा होता, म्हणजे नागपूरकर ज्याला नवतपा म्हणतात ते कडक उन्हाचे नऊ दिवस. संध्याकाळी धाकटा भाऊ दारू पिऊन आला आणि अंगणात भांडण झाले. जाताना त्याने ‘माझ्या वाट्याचं देत नाही ना, मग कोणालाच ठेवत नाही, जाळून टाकतो सारं’ असे म्हटल्याचे दोन शेजाऱ्यांनी ऐकले. रात्री एकच्या सुमारास समोरच्या दुकानाच्या सीसीटीव्हीत एक माणूस गल्लीत शिरताना आणि काही मिनिटांनी घाईने बाहेर पडताना दिसतो. दीड वाजता शेड पेटले होते. उकाड्यामुळे आई अंगणात बाजेवर झोपली होती; थोरल्याने तिला उचलून घरात नेले. अग्निशमन दलाच्या गाड्या आल्या आणि आग घरापर्यंत पोहोचली नाही, पण शेडचे छत कोसळले आणि आतील जवळपास सर्व माल जळाला. पहाटे धाकटा भाऊ आपल्या मामाकडे गेला आणि म्हणाला, ‘मामा, माझ्या हातून झालं. मी फक्त बाहेरचा भुसा पेटवला, शेड पेटवायचं नव्हतं.’

या शेवटच्या वाक्याभोवती पुढचा सगळा खटला फिरला.

कायद्याची चौकट

घटना 2022 ची असल्यामुळे भारतीय दंड संहिता, 1860 लागू होती. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता, 2023 अमलात आली, पण नवा दंडविषयक कायदा त्याआधीच्या कृत्याला लागत नाही, आणि आधीपासून चालू असलेला हा खटला जुन्याच प्रक्रियेने पुढे चालला.

आग लावण्याचा गुन्हा आपल्या कायद्यात स्वतंत्रपणे उभा नाही. तो ‘आगळीक’ या गुन्ह्याचे गंभीर रूप आहे. त्यामुळे प्रथम कलम 425 सिद्ध व्हावे लागते. कोणाची तरी गैरहानी किंवा नुकसान करण्याचा उद्देश असला पाहिजे, किंवा तसे होण्याचा संभव आहे याची जाणीव असली पाहिजे, आणि त्या मनःस्थितीत मालमत्तेचा नाश अथवा तिचे मूल्य व उपयोगिता कमी करणारा बदल घडवला गेला पाहिजे. या कलमाचे दुसरे स्पष्टीकरण असे की, मालमत्ता कृत्य करणाऱ्याच्या स्वतःच्या किंवा त्याच्या व इतरांच्या सामाईक मालकीची असली तरी आगळीक घडू शकते. जुन्या इंग्रजी कायद्यात दुसऱ्याचे राहते घर जाळले गेले असणे आवश्यक मानले जाई. आपल्याकडे तशी अट नाही. म्हणून ‘वडिलोपार्जित जागा आहे, तीत त्याचाही हिस्सा आहे’ हा बचाव पहिल्याच पायरीवर गळून पडतो.

त्यावरची पायरी कलम 435 ची. आगीने किंवा स्फोटक पदार्थाने, 100 रुपये किंवा त्याहून अधिक नुकसान करण्याच्या उद्देशाने अथवा तसे होण्याचा संभव आहे या जाणिवेने केलेली आगळीक त्यात येते. शेतमालाबाबत ही रक्कम 10 रुपये होती. शिक्षा सात वर्षांपर्यंत. सर्वांत वरची पायरी कलम 436 ची. येथे उद्देश किंवा जाणीव इमारतीच्या नाशाची असावी लागते, आणि ती इमारत सामान्यतः प्रार्थनास्थळ, मानवी निवास किंवा मालमत्ता सांभाळून ठेवण्याची जागा म्हणून वापरात असावी लागते. शिक्षा जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत. नव्या संहितेत याच दोन पायऱ्या कलम 326 च्या (एफ) आणि (जी) या खंडांत आहेत. (एफ) मधून 100 आणि 10 रुपयांच्या मर्यादा काढून टाकल्या आहेत, बाकी रचना तीच आहे. आगळिकीची व्याख्या आता कलम 324 मध्ये आहे.

सर्वांत खाली कलम 285 होते, आता न्याय संहितेचे 287, म्हणजे आगीबाबतचा निष्काळजीपणा, ज्याला जास्तीत जास्त सहा महिन्यांची कैद आहे. एकाच काडीने लागलेली आग सहा महिन्यांच्या कलमात बसते की जन्मठेपेच्या, हे जळालेल्या मालाच्या किमतीवरून ठरत नाही. काडी ओढणाऱ्याच्या मनात त्या क्षणी काय होते आणि समोर कोणत्या प्रकारची वस्तू होती, यावरून ते ठरते. तपासात नेमके हेच दोन प्रश्न मागे पडतात, कारण सर्वांचे लक्ष ‘कोणी लावली’ याकडे असते.

पहिला निर्णय: अपघात की गुन्हा

त्या रात्री पोलिसांनी थोरल्या भावाला विचारले तेव्हा त्याने शॉर्टसर्किट झाल्याचे सांगितले. धाकट्याला वाचवायचे होते, आणि भावाने आग लावली असे सांगितले तर विम्याचा दावा अडकेल अशीही त्याला भीती होती. ही भीती गैरसमजातून आलेली होती. विमाधारकाने स्वतः किंवा त्याच्या संगनमताने लावलेली आग विम्यात बसत नाही हे खरे. पण दुसऱ्या कोणी दुष्टाव्याने केलेले नुकसान आगविम्याच्या प्रचलित पॉलिसींत सामान्यतः समाविष्ट असते. उलट खोटे कारण सांगितल्यामुळेच सर्वेक्षकाला संशय आला. आईचे म्हणणे एवढेच होते की घरातले घरात राहू द्या.

पोलिसांनी अकस्मात जळीत म्हणून नोंद घेतली, पंचांसमक्ष थोडक्यात पंचनामा केला, आणि दुसऱ्या दिवशी थोरल्याने मजूर लावून राडारोडा उचलून टाकला. गादी शिवणाऱ्या बाई तिसऱ्या दिवशी ठाण्यात गेल्या. रोज काम संपल्यावर शेडचा मुख्य स्विच त्या स्वतः खाली पाडत असत आणि त्या दिवशीही तो पाडला होता, हे त्यांनी ठामपणे सांगितले. वीजच बंद होती, तर शॉर्टसर्किट कशाचे? त्यांच्या फिर्यादीवरून प्रथम खबर (एफआयआर) दाखल झाली.

हे तीन दिवस फार महाग पडले. फिर्यादीला झालेला उशीर न्यायालयात समजावून सांगता आला, कारण त्या भाडेकरू होत्या आणि घरमालकाच्या शब्दाबाहेर जायला त्यांना धीर गोळा करावा लागला होता. घटनास्थळ मात्र परत आणता आले नाही. आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 176(3) मध्ये सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक (फॉरेन्सिक) तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची आणि प्रक्रियेच्या चित्रीकरणाची तरतूद आहे, जी राज्य सरकारने पाच वर्षांच्या आत अधिसूचित दिनांकापासून लागू करायची आहे, आणि आग लावण्याचे दोन्ही खंड तिच्या कक्षेत येतात. परंतु ही तरतूद गुन्ह्याची खबर मिळाल्यावरच चालू होते. नोंद अपघात म्हणून झाली, तर नवा कायदाही त्या राखेपर्यंत पोहोचत नाही. आगीच्या ठिकाणी कारण अज्ञात असेल तेव्हा जागा निदान दोन दिवस बंदिस्त ठेवावी, हा साधा शिरस्ता पाळला गेला असता तर पुढचे बरेच काही टळले असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा निर्णय: पुरावा कशाचा गोळा करायचा

गुन्हा नोंदल्यावर तपासाचा भर पेट्रोलवर गेला. आरोपीने पेट्रोल ओतून शेड पेटवले असा समज धरून उरलेल्या कोळशाचे नमुने प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून प्रयोगशाळेत पाठवले गेले. अशा नमुन्यांसाठी घट्ट झाकणाचे स्वच्छ धातूचे डबे किंवा काचेच्या बरण्या लागतात, कारण ज्वलनशील द्रवाचे अंश साध्या प्लास्टिकमधून उडून जातात. त्याहून मोठी अडचण वेगळीच होती. फर्निचरच्या कारखान्यात थिनर, सीलर आणि पॉलिशचे डबे असतातच. जळलेल्या लाकडात हायड्रोकार्बनचे अंश सापडले तरी ते बाहेरून आणलेल्या पेट्रोलचे की आधीपासून तेथे असलेल्या थिनरचे, हे तुलनेसाठी घेतलेल्या वेगळ्या नमुन्याविना सांगता येत नाही. असा नमुना घेतला गेला नव्हता. अहवालात अंश आढळल्याचे नमूद होते आणि त्याचा कोणालाच उपयोग झाला नाही.

शॉर्टसर्किटची शक्यता मात्र नीट निकालात निघाली. चालू वीजवाहक तारेत ठिणगी पडली तर तांब्यावर वितळून झालेले मण्यांसारखे गोळे दिसू शकतात. असे गोळे बाहेरच्या आगीनेही तयार होऊ शकतात, त्यामुळे ते सापडले म्हणून आग विजेनेच लागली असे म्हणता येत नाही. परंतु येथे ते कोठेच नव्हते आणि मुख्य स्विच पाडलेल्या अवस्थेत होता. बाईंच्या साक्षीला वस्तूंचा दुजोरा मिळाला.

सीसीटीव्हीच्या बाबतीत पोलिसांनी काम चोख केले. मूळ यंत्र जप्त झाले आणि पुरावा कायद्याच्या कलम 65ब चे, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे प्रमाणपत्रही जोडले गेले. 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या महाराष्ट्रातीलच प्रकरणात, मूळ साधन स्वतः हजर केले नसेल तर हे प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे स्पष्ट केले आहे. चित्रातील चेहरा अस्पष्ट होता, पण चाल, शर्ट आणि वेळ जुळत होती. अटकेनंतरच्या वैद्यकीय तपासणीत आरोपीच्या उजव्या हाताच्या पाठीवर दोन-तीन दिवसांपूर्वीची वरवरची भाजल्याची खूण आढळली.

आता त्या पंचनाम्याकडे येतो. त्यात एक ओळ होती: ‘शेडजवळ लाकडी भुशाचा ढीग जळालेल्या स्थितीत दिसून येतो.’ रंध्याचे छिलके आणि भुसा रोज संध्याकाळी झाडून शेडबाहेर टाकला जाई, तोच हा ढीग. शेडजवळ म्हणजे किती जवळ? अंतर लिहिलेले नव्हते, नकाशात ढीग दाखवलेला नव्हता, आणि पाण्याच्या माऱ्याने तो पसरून गेल्यावर दुसऱ्या दिवशी तो उचललाही गेला. न्यायालयात थोरला भाऊ ‘हातभर’ म्हणाला, अग्निशमन दलाचा जवान ‘चार-पाच फूट’ म्हणाला आणि बाई ‘भिंतीला लागूनच’ म्हणाल्या. तपास अधिकाऱ्याने उलटतपासणीत मोजमाप घेतले नसल्याचे मान्य केले. बाईंच्या मुलाने पहाटे मोबाइलवर एक छायाचित्र काढले होते, ज्यात भिंतीचा पाया आणि ढिगाची काळी खूण एकत्र दिसते; पण त्या माझ्याकडे आल्या तोपर्यंत तो फोन बदलून झाला होता, मूळ फाइल उपलब्ध नव्हती, आणि नातेवाइकांना पाठवलेली प्रत पुराव्यात वाचली गेली नाही. जळिताच्या प्रकरणात नुकसान झालेल्या प्रत्येकाला माझा आग्रह असतो तो हाच: ज्या फोनवर छायाचित्रे काढली तो फोन जपून ठेवावा आणि छायाचित्रात अंतर कळेल अशी एखादी पट्टी किंवा वीट येऊ द्यावी.

तिसरा निर्णय: तडजोड

दोषारोपपत्र वेळेत दाखल झाले, प्रकरण सत्र न्यायालयाकडे वर्ग झाले आणि कलम 436 खाली दोषारोप निश्चित झाला. दरम्यान 2023 मध्ये भावांनी वाटणीचा दावा आपसांत मिटवला. कलम 436 तडजोडयोग्य नाही, म्हणजे पक्षकारांच्या समेटाने ते मिटत नाही; त्यामुळे खटला रद्द व्हावा म्हणून आरोपीने मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 482 खाली अर्ज केला. ग्यान सिंग विरुद्ध पंजाब राज्य या 2012 च्या निर्णयाने उच्च न्यायालयाचा हा अधिकार मान्य केला आहे, विशेषतः कौटुंबिक किंवा दिवाणी स्वरूपाच्या वादांत, आणि गंभीर गुन्ह्यांत तो वापरू नये असेही बजावले आहे.

भावांच्या दृष्टीने हा घरातला वाद होता. परंतु फिर्यादी बाई घरातल्या नव्हत्या. त्यांचे सुमारे 2,40,000 रुपयांचे नुकसान झाले होते आणि थोरल्याच्या पॉलिसीत त्यांचा माल समाविष्ट नव्हता. दुसऱ्याचा ताब्यात असलेला माल विम्यात धरायचा तर तसे पॉलिसीत लिहून घ्यावे लागते. त्यांना हप्त्यांनी 70,000 रुपये देऊ केले गेले. त्यांच्यापुढे तीन मार्ग होते: ती रक्कम घेऊन संमती द्यायची, पूर्ण विरोध करायचा, किंवा संपूर्ण नुकसानभरपाई आधी न्यायालयात जमा करण्याच्या अटीवर संमतीचा विचार करायचा. मी तिसरा मार्ग सुचवला. बाईंनी भावांच्या आईला, जिला त्या आजी म्हणत, स्वतः भेटून तसे सांगितलेही. आजी म्हणाली, ‘बाई, तुझं बरोबर आहे, पण माझ्या हातात काही नाही.’ भावांनी रक्कम जमा करण्याची तयारी दाखवली नाही. बाईंचा विरोध पाहून उच्च न्यायालयातील अर्ज मागे घेण्यात आला.

या टप्प्यावर वेगळे काय करता आले असते? आरोपीच्या बाजूने पाहिले तर हा सर्वांत मोलाचा क्षण त्यांनी गमावला. जिचे खरे नुकसान झाले तिला वगळून दोघा भावांनी केलेला समेट उच्च न्यायालयात टिकणे अवघड होते. पूर्ण रक्कम जमा करून तिघांनी मिळून अर्ज केला असता, तर यश निश्चित नव्हते, पण शक्यता खरी होती.

चौथा निर्णय: जाणीव सिद्ध होते का

मामांनी साक्ष दिली. त्यांचा दंडाधिकाऱ्यांसमोर फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 164 खाली जबाब नोंदवलेला होता. असा जबाब स्वतः ठोस पुरावा नसतो, पण साक्षीदार फिरला तर त्याला खोडायला आणि ठाम राहिला तर त्याला दुजोरा द्यायला उपयोगी पडतो. मामा फिरले नाहीत. भाच्याचे बोलणे त्यांनी जसेच्या तसे सांगितले, त्यातला दुसरा अर्धा भागही.

पोलिसांपुढे दिलेली कबुली पुराव्यात घेता येत नाही. मामांसारख्या खाजगी माणसापुढची घेता येते, मात्र तिला दुर्बल पुरावा मानून दुजोरा शोधला जातो. येथे धमकी, सीसीटीव्ही, भाजलेला हात आणि वीज बंद असणे या कड्या जुळत होत्या. शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या 1984 च्या निर्णयाने परिस्थितिजन्य पुराव्याची जी साखळी मागितली आहे, ती ‘आग आरोपीने लावली’ या निष्कर्षापुरती पूर्ण झाली. शेड ही मालमत्ता सांभाळून ठेवण्याची इमारत आहे हेही न्यायालयाने मान्य केले. लाकडी भिंतींचे पत्र्याचे शेड इमारत कशी, हा आक्षेप टिकला नाही. कुडाची आणि गवताची घरे जाळल्याच्या खटल्यांतही कलम 436 लागू झालेले आहे.

उरला एकच प्रश्न. आरोपीने भुसा पेटवला तेव्हा शेडचा नाश होण्याचा संभव आहे ही जाणीव त्याला होती का? शेड जाळण्याचा थेट उद्देश सिद्ध करण्यासाठी संध्याकाळची धमकी होती, पण भांडणातल्या तोंडच्या वाक्याला न्यायालयाने एकट्याने तेवढे वजन दिले नाही.

नशेचा मुद्दाही आला. स्वखुशीने दारू प्यायलेल्या माणसाला, कलम 86 नुसार, तो शुद्धीत असता तर त्याला जी जाणीव असती तीच होती असे धरले जाते. उद्देश मात्र आपोआप धरला जात नाही, तो परिस्थितीवरून ठरवावा लागतो. बासदेव विरुद्ध पेप्सू राज्य या 1956 च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने हाच फरक स्पष्ट केला आहे. कलम 436 ला जाणीवही पुरते, म्हणून दारूचा बचाव त्याला फारसा उपयोगी नव्हता. आमचा युक्तिवाद यावरच होता: हा माणूस त्या शेडमध्ये वर्षानुवर्षे काम केलेला, आत थिनरचे डबे कुठे असतात हे त्याला ठाऊक, भिंती सुक्या लाकडाच्या, दिवस नवतप्याचे. अशा ठिकाणी भुशाला काडी लावणाऱ्याला शेड जाईल हे कळत नव्हते असे कसे म्हणता येईल?

आरोपीच्या वकिलांनी शांतपणे एकाच गोष्टीवर बोट ठेवले. ढीग हातभर अंतरावर असेल तर हा युक्तिवाद खरा. पाच फुटांवर असेल तर तो डळमळतो. आणि अंतर सांगण्याची जबाबदारी सरकार पक्षाची आहे. शिवाय अंगणात आई झोपली होती हे त्याला माहीत होते, तेव्हा आग मोठी होईल असे वाटले असते तर त्याने काडी लावलीच नसती, असेही त्यांनी मांडले. कबुली वापरायची तर ती पूर्ण वाचावी लागते. तिचा आरोपीला अनुकूल भाग टाकून द्यायचा तर तो खोटा किंवा असंभवनीय असल्याचे इतर पुराव्यावरून दिसले पाहिजे, आणि येथे तसा पुरावा म्हणजे ते अंतरच होते.

निकाल

2025 च्या सुरुवातीला निकाल लागला. न्यायालयाने कलम 436 खाली संशयाचा फायदा दिला आणि कलम 435 खाली दोषी ठरवले. ढिगाशेजारी पडवीत बाईंचे रेक्झिन आणि टेकून ठेवलेल्या फळ्या होत्या. त्यांचे 100 रुपयांहून कितीतरी अधिक नुकसान होईल ही जाणीव नाकारता येण्यासारखी नव्हती. मोठ्या गुन्ह्याचा दोषारोप असताना त्यातच सामावलेल्या लहान गुन्ह्याखाली शिक्षा देण्याची मुभा फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 222 देते.

पडवीतल्या मालाला आग लागेल हे त्याला कळत होते, पण त्याच पडवीमागची सुक्या लाकडाची भिंत पेटेल हे कळत होते असे म्हणता येत नाही, हा भेद मला पूर्ण पटलेला नाही. मात्र मोजमाप नसताना न्यायाधीशांनी संशय आरोपीच्या पारड्यात टाकला यात कायद्याची चूक दाखवणे कठीण आहे.

कलम बदलल्याचा परिणाम केवळ वर्षांच्या संख्येपुरता नव्हता. अपराधी परिवीक्षा अधिनियम, 1958 च्या कलम 4 खाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडण्याची सवलत जन्मठेपेस पात्र गुन्ह्यांत मिळतच नाही. कलम 435 वर येताच ती मागण्याचा मार्ग आरोपीला खुला झाला. न्यायालयाने अंगणात झोपलेल्या वृद्धेचा उल्लेख करून ती नाकारली, दीड वर्षाची सक्तमजुरी आणि 1,50,000 रुपये दंड ठोठावला, आणि दंडातून 1,40,000 रुपये बाईंना नुकसानभरपाई म्हणून देण्याचा आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 357(1) खाली दिला. आरोपी अपिलात गेला आणि शिक्षा स्थगित झाली.

निकालानंतरचा निर्णय

कमी गंभीर गुन्ह्याखाली दोषी ठरवल्याबद्दल पीडित व्यक्तीला स्वतः अपील करण्याचा हक्क त्याच संहितेच्या कलम 372 च्या परंतुकाने दिला आहे. बाईंनी तो वापरावा का, यावर आम्ही बराच विचार केला. अपिलात नवे अंतर मोजता येणार नव्हते. उपलब्ध पुराव्यावरून वरिष्ठ न्यायालय वेगळ्या निष्कर्षाला येईल अशी शक्यता थोडी होती. बाईंना धाकट्या भावाच्या तुरुंगवासापेक्षा आपले यंत्र आणि माल परत उभा करण्याची निकड होती. त्यांनी अपील केले नाही.

त्यांची भरपाई मात्र अजून मिळालेली नाही, कारण कलम 357(2) प्रमाणे अपील दाखल झाले असेल तर त्याचा निर्णय होईपर्यंत दंडातील रक्कम देता येत नाही. हे आधीच ओळखून, वस्तूंच्या नुकसानीच्या दाव्याला असलेली तीन वर्षांची मुदत मे 2025 मध्ये संपण्यापूर्वी, आम्ही दोन्ही भावांविरुद्ध नुकसानभरपाईचा दिवाणी दावा नागपूरच्या दिवाणी न्यायालयात दाखल केला. धाकट्याविरुद्धचा आधार त्याचे कृत्य हा आहे. थोरल्याविरुद्धचा आधार वेगळा आहे: भाडेकरूचा माल राखेत पडलेला असताना त्याने खोटे कारण सांगितले आणि पंचनाम्यानंतर लगेच जागा साफ करून तिचा पुरावा घालवला. दिवाणी न्यायालयात निःसंशय पुरावा लागत नाही, शक्यतेचे पारडे कुठे झुकते ते पाहिले जाते, आणि ढीग भिंतीला लागूनच होता हे सांगायला बाई स्वतः पुन्हा साक्षीला उभ्या राहणार आहेत.